व्हिडिओ आर्केडच्या आठवणी आणि स्मरणरंजनाचे स्वरूप

'स्मरणरंजन' हा शब्द मराठी समीक्षेत पाश्चात्त्य 'नॉस्टाल्जिया'चा पर्याय म्हणून रूढ झाला आहे. मूळ शब्द मात्र वैद्यकातला होय. योहानेस होफर ह्याने १६८८ साली बाझल येथील आपल्या प्रबंधात स्वदेशापासून दुरावलेल्या माणसांना जडणाऱ्या व्याधीला हे नाव दिले. 'घरी परतणे' आणि 'वेदना' ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांतून ते घडविलेले आहे. मराठी पर्यायात रंजन आले आणि वेदना गळाली. हा फरक तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात एक अर्वाचीन उदाहरण घेतले आहे. ते म्हणजे १९८० च्या आसपास अमेरिकेत भरभराटीस आलेल्या व्हिडिओ आर्केडच्या आठवणींचे. आपल्याकडील शहरांत 'व्हिडिओ गेम पार्लर' म्हणून परिचित झालेले स्थळ ह्याच जातीचे.

'आर्केड' हा शब्द कमान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. कमानींची ओळ, मग दुतर्फा दुकाने असलेली आच्छादित वाट, मग नाणे टाकून चालवावयाच्या यंत्रांचे करमणूकघर, असा त्याचा प्रवास झाला. पॅरिसमधील एकोणिसाव्या शतकातील अशा आच्छादित वाटांविषयी वाल्टर बेन्यामिन ह्याने १९२७ पासून १९४० मधील आपल्या मृत्यूपर्यंत टिपणे जमविली. त्या वाटांचे वैभव तेव्हा ओसरलेले होते. ही टिपणे जर्मन भाषेत ग्रंथरूपाने १९८२ साली प्रसिद्ध झाली, आणि व्हिडिओ आर्केडच्या उत्कर्षाचा काळही तोच, हा योगायोग लक्षणीय आहे. स्थळ मावळू लागले म्हणजे त्याचा अर्थ दिसू लागतो, हे बेन्यामिनचे उदाहरण आपणांस सुचविते.

ह्या आठवणींत वारंवार येते ते खेळाचे वर्णन नव्हे, दालनाचे. पडद्यावर प्रकाश पडून चित्र पुसट होऊ नये म्हणून आत अंधार राखलेला असे आणि माणसांचे चेहरे यंत्रांच्या उजेडातच दिसत. कोणी खेळत नसतानाही बरीच यंत्रे गिऱ्हाइकाला बोलाविण्यासाठी आपली चित्रे आणि आवाज चालू ठेवीत. त्या साऱ्यांचा मिळून एक अखंड गलबला उठे. त्यातूनही ओळखू येई तो टायटो कंपनीच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) मधील चार उतरत्या स्वरांचा ठोका. शत्रू कमी होत जातील तसतसा तो जलद होई. पडद्यावर रेखाटावयाच्या आकृती घटल्या, की यंत्राचा वेग आपोआप वाढे. रचनाकार तोमोहिरो निशिकादो ह्याने ती यंत्राची मर्यादा खेळाचा गुण म्हणून तशीच ठेवली.

दालनाला स्वतःचा आचारधर्मही होता. पुढचा डाव आपला, हे सांगण्यासाठी पंचवीस सेंटांचे नाणे पडद्याच्या काचेखालील कडेवर ठेवावयाचे. ते कोणी उचलत नसे. मागे उभे राहून पाहणे ही शिकण्याची रीत होती. ॲटारी कंपनीच्या 'ॲस्टेरॉइड्स' (१९७९) सारख्या खेळांत मोठी गुणसंख्या करणाऱ्यास तीन अक्षरे कोरता येत. अनोळखी माणसे एकमेकांस त्या अक्षरांनी ओळखीत. परंतु अनेक यंत्रांची स्मृती विजेवर अवलंबून असे. रात्री दालन बंद झाले, की नावे पुसली जात. कीर्ती एका दिवसाची, हे तेथे शब्दशः खरे होते.

घरगुती यंत्रे सुधारत गेली, तशी अमेरिकेतील बहुतेक दालने ओस पडली. १९९७ पासून 'मेम' ह्या संगणकप्रणालीने जुन्या यंत्रांचे व्यवहार संगणकावर हुबेहूब उभे केले. खेळ वाचला, पण खेळणारा घरी एकटा बसला. जात्यावरची ओवी छापली, की शब्द राहतात, पण जात्याची घरघर, पहाटेचा काळोख आणि समोर बसलेली जोडीदारीण राहत नाही. संहिता जपणे म्हणजे प्रसंग जपणे नव्हे, हा मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकांचा जुना अनुभव येथे पुन्हा येतो. दालनाच्या आठवणी सांगणाऱ्यांची तक्रारही नेमकी हीच असते. सगळे मिळाले, फक्त ते वातावरण मिळत नाही.

तथापि ह्या साक्षी जशाच्या तशा स्वीकारणे योग्य होणार नाही. आर्केडमधील जुने रहिवासी असलेले पिनबॉल १९४२ ते १९७६ पर्यंत न्यूयॉर्क शहरात बेकायदा होते. टेक्सासमधील मेस्कीट नगराने सतरा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून अशा ठिकाणी खेळण्यास मनाई केली आणि तो वाद १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जपानमधील दालने पुरुषी आणि राकट वाटत, म्हणून स्त्रियांनाही तेथे यावेसे वाटावे ह्या हेतूने तोरू इवातानी ह्याने नामको कंपनीसाठी 'पॅक-मॅन' (१९८०) रचला. म्हणजे आज जिव्हाळ्याने आठवणारा अंधार तेव्हा पालकांना धास्तीचा वाटे, आणि पुष्कळ मुली त्या उंबरठ्याबाहेरच होत्या. आठवणी लिहिल्या जातात त्या प्रायः आत असलेल्यांच्या.

एवढ्यावरून त्या आठवणी खोट्या ठरत नाहीत. परक्यांच्या शेजारी उभे राहून, त्यांच्या देखत हरण्याजिंकण्याची एक जागा होती आणि ती गेली, ही त्यांतील हानी खरी आहे. होफरने सांगितलेली वेदना ती हीच. परतावयाचे घर उरलेले नाही, एवढेच तीत नवे आहे. अभ्यासकाने रंजनाखालची ही वेदना ऐकावी, आणि ती ऐकताना त्या दाराबाहेर कोण उभे होते, हेही विचारावे.