भोगाचा धनी कोण?

मूल जन्मलं की पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाईची पूजा होते. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं आयुष्य लिहून जाते, असा समज आहे. तेच मूल पुढे परीक्षेत पहिलं आलं, तर देवाची कृपा. नापास झालं, तर अभ्यास केला नाही. अपघातातून वाचलं, तर देव तारी त्याला कोण मारी. आजारात गेलं, तर देवानं नेलं. जन्मभर गरिबीत राहिलं, तर मागच्या जन्मीचे भोग. एकाच घरात सटवाई, देव, पूर्वकर्म आणि माणूस असे चार धनी आळीपाळीने पुढे येतात. कुठल्या वेळी कुणाचं नाव घ्यायचं, हे आपण नकळत शिकत जातो.

या सवयीखाली धर्मविचारातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. आयुष्यातलं चांगलं देवाचं असेल, तर वाईट कुणाचं? दोन्ही त्याचंच असेल, तर त्याला दयाळू कसं म्हणायचं? आणि दोन्हींतलं काहीच त्याचं नसेल, तर नवस बोलायचा कुणाला आणि गाऱ्हाणं मांडायचं कुणापुढे? आपल्या मातीत आणि बाहेरही या प्रश्नाला अनेक उत्तरं दिली गेली. ती तपासताना मला एक कसोटी महत्त्वाची वाटते: हे उत्तर कोण देतं आहे आणि कुणाच्या दुःखाबद्दल देतं आहे?

शास्त्रकारांची उत्तरं

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हा आक्षेप थेट घेतला आहे. जगात एक सुखात लोळतो आणि दुसरा तडफडतो. मग जग निर्माण करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? सूत्रकाराचं उत्तर असं, की ईश्वर प्रत्येकाच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. भात आणि जव दोन्हींना पाऊस सारखाच मिळतो. पिकांतला फरक बियांमुळे पडतो. त्यावर लगेच शंका येते: सगळ्यांत पहिली विषमता कोणत्या कर्मामुळे आली? संसाराला आरंभच नाही, असं सांगून सूत्रं ती मिटवतात. गीतेच्या पाचव्या अध्यायात तर ईश्वर कुणाचं पाप किंवा पुण्य स्वतःकडे घेत नाही, असं म्हटलं आहे. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी हाच विचार मराठीत आणला.

युक्तिवाद म्हणून हे उत्तर भक्कम आहे. देव निर्दोष राहतो, जग न्याय्य ठरतं. पण त्याची किंमत दुःखी माणूस देतो. ज्याचं लेकरू गेलं त्याच्याच माथी, आठवतही नसलेल्या जन्मातला गुन्हा बसतो.

जैन दर्शनाने जगाचा कर्ता ईश्वर मानला नाही आणि सगळा भार कर्मावर ठेवला. बुद्धानेही निर्माता मानला नाही, पण कर्माच्या बाबतीत तो अधिक सावध होता. मोळिय सीवक नावाचा परिव्राजक त्याला विचारतो, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्माचंच फळ असतं का? बुद्ध नाही म्हणतो. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, निष्काळजीपणा, बाहेरून झालेला आघात अशी कारणं तो मोजतो. कर्म हे त्या यादीतलं एक कारण आहे. सगळं पूर्वकर्मावर टाकणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे जाऊन बोलतात, असं त्याने बजावलं. दुःखाचं मूळ शोधताना आधी हवापाणी आणि माणसाचा हात बघा, हे सांगणारा इतका जुना आवाज आपल्याकडे आहे, ही मोठी गोष्ट आहे.

एकेश्वरवादी धर्मांनाही ही अडचण चुकली नाही. यशयाच्या ग्रंथात देव स्वतःच प्रकाश आणि अंधार, शांती आणि अरिष्ट आपण निर्माण करतो, असं सांगतो. कुराणाच्या चौथ्या सूरेत लागोपाठच्या दोन आयतांपैकी पहिलीत सगळं अल्लाहकडून येतं असं म्हटलं आहे, तर दुसरीत भलं त्याच्याकडून आणि वाईट तुझ्या स्वतःकडून असं. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी का आहेत, यावर भाष्यकारांनी खूप लिहिलं. आपल्या घरातली ती चार धन्यांची भाषा पाहिली, की हा गुंता परका वाटत नाही.

गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापलं. आदम आणि हव्वेच्या आज्ञाभंगातून दुःख जगात आलं, ही कथा त्यामुळे मराठीत आली. देवाने जग चांगलंच केलं, माणसाला निवड दिली आणि माणूस चुकला. इथेही देव सुटतो, माणूस अडकतो. पण त्याच बायबलमध्ये ईयोबाचं पुस्तक आहे. निर्दोष ईयोबाची संपत्ती, मुलं, आरोग्य सगळं जातं. मित्र येऊन समजावतात, तुझ्या हातून काहीतरी पाप घडलं असणार. ईयोब ते मान्य करत नाही, देवालाच जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. देवाची बाजू मांडायला आलेले लोकच त्याच्याबद्दल चुकीचं बोलले, असा निवाडा होतो.

भांडणारे भक्त

महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी असाच जाब विचारते. राज्य गेलं, भर सभेत विटंबना झाली, आणि धर्माने वागणारा नवरा झाडाखाली बसला आहे. ती म्हणते, माणसं दोरीने हलवलेल्या लाकडी बाहुल्यांसारखी आहेत आणि विधाता त्यांच्याशी खेळतो. केलेलं कर्म कर्त्यालाच चिकटत असेल, तर हे करवून घेणाऱ्या ईश्वरालाही पाप लागलं पाहिजे. युधिष्ठिर तिला ही नास्तिकता सोडायला सांगतो. ती माघार घेते, पण लगेच पुरुषार्थाबद्दल बोलू लागते: काही योगायोगाने मिळतं, काही दैवाने, काही आपल्या प्रयत्नाने; म्हणून हात बांधून बसू नये. देवाला दोष देणारी आणि कृतीचा आग्रह धरणारी बाई एकच आहे. तक्रार आणि कर्तबगारी यांचं वैर नसतं.

वारकरी परंपरेने तक्रारीला भक्तीतच जागा दिली. नामदेव विठ्ठलावर रुसतात, जनाबाई त्याला शिव्या घालते. तुकारामांच्या ऐन तारुण्यात, १६३० च्या सुमारास, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. पुढे त्यांनी अभंगांतून दिवाळं निघालं, दुष्काळाने छळलं, बायको मेली हे बरंच झालं, त्यामुळे देव भेटला, अशा अर्थाचे उद्गार काढले. हे ऐकून आपण स्तब्ध होतो. ते तुकारामांनी स्वतःच्या राखेतून काढलेले आहेत आणि ते काढण्याचा हक्क त्यांचा होता. पण तेच वाक्य शेजाऱ्याने म्हटलं असतं तर? भुकेने गेलेल्या त्या बाईच्या वतीने ते कुणालाही म्हणता येणार नाही.

चोखामेळ्याच्या बाबतीत हा फरक आणखी टोचतो. मंदिरात पाऊल टाकू न दिलेल्या या संताच्या नावावर दोन्ही प्रकारचे अभंग आहेत. काहींत देवाला धारेवर धरलं आहे, तर एकात आपला हा जन्म मागच्या जन्मीच्या पापाचं फळ मानलं आहे. त्याचा मुलगा कर्ममेळा मात्र कर्माचा आडोसा घेत नाही. हीन जात दिलीस आणि वर भक्ती मागतोस, हा त्याचा सूर आहे. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला कुसू बांधताना ती कोसळून चोखोबा गेले. वेठीला राबणारे लोक ढिगाऱ्याखाली गाडले गेले, ते कोणत्या जन्मीच्या कर्मामुळे? त्यांना तिथे कुणी राबवलं, हा प्रश्न मात्र याच जन्मातला आहे.

इथे माझं म्हणणं मला स्पष्ट मांडायचं आहे. ‘देवाची इच्छा’, ‘माझे भोग’, ‘बरंच झालं’ ही वाक्यं ज्याचं दुःख आहे त्याच्या तोंडी आधार होतात. रात्र ढकलायला ती उपयोगी पडतात, आणि ती हिरावून घेण्याचा अधिकार कुणा बुद्धिवाद्यालाही नाही. तीच वाक्यं बघणाऱ्याच्या तोंडी गेली, की क्रूर होतात. चोखोबाने स्वतःच्या जन्माचा लावलेला अर्थ गावाने आपल्या सोयीसाठी उचलला आणि त्यावर शतकानुशतकं वेशीबाहेरची वस्ती उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि धम्मावरील ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची दैना समजावण्याची कल्पना नाकारली, ती यासाठीच. त्यात गरिबाची जबाबदारी गरिबावर टाकून समाज मोकळा होतो.

दुष्काळात उपवास, दुष्काळात अन्न

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न पोथ्यांतून बाहेर आला. पंडिता रमाबाईंचे आईवडील शास्त्र जाणणारे, तीर्थयात्रा करत फिरणारे. १८७० च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांनी होतं ते दानधर्मात घातलं, व्रतं केली, देवळांत जप केले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. रमाबाईंचा त्या देवांवरचा विश्वास उडाला आणि १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्मांतराबद्दल कुणाचं मत काहीही असो, पुढे जे घडलं ते प्रत्येकाने पाहावं. १८९७ च्या सुमारास पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुली नि विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यांचं घर झालं. आपल्या आईला देवाने का वाचवलं नाही, याचं उत्तर मिळण्याची वाट पाहत त्या थांबल्या नाहीत.

जोतीराव फुले निर्मिक मानत. या सृष्टीला कर्ता आहे आणि त्याने सर्व माणसांना समान हक्क दिले आहेत, हा त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’चा गाभा. चांगल्याचा धनी त्यांनी निर्मिकाला केलं. पण शेतकऱ्याच्या दैन्याबद्दल ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी नशिबाचं नाव न घेता शेतसारा, कर्ज, कोर्टकज्जे, सरकारी नोकरांनी केलेली लूट आणि विद्येचा अभाव यांची नोंद केली. देवाला मानणारा माणूस देवावर काय ढकलू नये याबद्दल इतका काटेकोर राहू शकतो. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. तो दिवस १० मार्च. प्लेग देवीचा कोप आहे की कुणाच्या पापाचं फळ, या वादाला तिथे जागाच नव्हती. रोगी उचलून आणायचा होता.

भूकंपाचा निवाडा

१७५५ मध्ये सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, माणसं प्रार्थनेला जमलेली असताना, लिस्बन भूकंपाने कोसळलं. जे आहे ते शक्य तेवढं उत्तमच आहे, या लायबनिझच्या मांडणीवर व्होल्तेर तुटून पडला, तो या घटनेनंतर. आपल्याकडे असाच वाद १९३४ मध्ये झाला. १५ जानेवारीला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. गांधीजींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा म्हटलं. अस्पृश्यतेविरुद्धच्या कामात रवींद्रनाथ त्यांच्या बाजूचे होते, तरी त्यांनी या विधानाला जाहीर विरोध केला: भौतिक संकटाची कारणं भौतिक जगातच असतात, आणि नीतीचा असा वापर उद्या विरोधकही करतील. गांधीजींनी तो विरोध ‘हरिजन’मध्ये छापला, पण आपलं मत बदललं नाही.

गांधीजींचा हेतू शुद्ध होता. ते स्वतःलाही त्या पापाचे भागीदार समजत. तरीही ढिगाऱ्याखाली दबलेल्यांत दलितही होते, मुलंही होती. पाप सवर्णांचं आणि शिक्षा त्यांना, हा कोणता न्याय? दुसऱ्याच्या मरणातून देवाचा संदेश वाचायला गेलं, की गांधीजींसारखा माणूसही चुकतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरलं. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालं होतं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. बाप्पाला निरोप देऊन झोपलेली माणसं का मेली, हा प्रश्न जिवाला कुरतडतो आणि त्याचं धार्मिक उत्तर माझ्यापाशी नाही. पण इतकी का मेली, याचं उत्तर आहे. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद. असं घर हललं की आतल्यांना बाहेर पडायला क्षणही मिळत नाही. हा भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला होता. पुढे २००२ मध्ये नकाशा बदलला. जमीन हलणं माणसाच्या हातात नव्हतं. भिंत कशी बांधायची, हे होतं.

दोन प्रश्न वेगळे ठेवू या

‘हे का घडलं’ या एका वाक्यात आपण दोन प्रश्न कोंबतो. एक असतो, जगात दुःख आहेच का? त्यावर भक्ताने देवाशी भांडावं, नास्तिकाने मौन पाळावं किंवा देवाला रजा द्यावी. डॉ. श्रीराम लागूंनी तर ‘परमेश्वराला रिटायर करा’ असं जाहीरपणे म्हटलं होतं. दुसरा असतो, हे दुःख इथे, या माणसाला, इतकं का? याचं उत्तर पुष्कळदा शोधता येतं. आणि ते शोधण्याआधी देवाचं नाव घेणं म्हणजे कुणालातरी मोकळं सोडणं.

सुखालाही हाच नियम लावावा लागेल. अपघातातून वाचलेला माणूस देवाचे आभार मानतो, ते त्याने जरूर मानावेत. पण देवाने मला निवडलं, असं तो म्हणू लागला, तर शेजारच्या सीटवर मेलेल्याला देवाने नाकारलं, असा त्याचा अर्थ होतो. कृतज्ञता तुलनेत शिरली, की तिचा अहंकार होतो.

नवरा गेला म्हणून सुनेला पांढऱ्या पायाची ठरवणं, अपंग मुलाच्या आईला कुठलं पाप केलंस म्हणून विचारणं, शेतकऱ्याने गळफास घेतला की दैव म्हणून निघून जाणं, हे सगळं देवावरच्या श्रद्धेच्या नावाने चालतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्या ठरावासाठी कुणाला देव सोडावा लागला नाही. नवऱ्याच्या मरणाचा दोष बायकोच्या कपाळी लिहायचा नाही, एवढंच गावाने ठरवलं.

देव चांगल्यावाइटाचा धनी आहे की नाही, याचा निकाल तर्काने लागेल असं मला वाटत नाही. स्वतःच्या दुःखाचा हिशोब ज्याने त्याने देवाशी हवा तसा करावा. रुसावं, भांडावं, शरण जावं. दुसऱ्याच्या दुःखापुढे मात्र आपण देवाचे वकील होऊ नये. तिथे आपलं काम साक्षीदाराचं आणि मदतनिसाचं आहे. आधी हात द्यायचा, मग कारण शोधायचं, आणि त्या कारणात आपला वाटा निघाला तर तो कबूल करायचा. देव असेल तर त्याला हे आवडेल. नसेल तर हे करायला आपल्याखेरीज दुसरं कुणीच नाही.