पाऊणकी आणि ओहोटी

पंचांगात आजची तिथी पाहा आणि तिला पाऊणने गुणा. येईल तो आकडा भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पहाटेही आणि दुपारनंतरही. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवसाचा बेत आखायला एवढा हिशोब पुरतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाणारे दुर्गप्रेमी आजही असाच हिशोब करून निघतात. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. किनाऱ्यावर त्यातली पाऊणकी जीव वाचवणारी आहे.

हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढे ज्या वाटेबद्दल लिहितो आहे ती दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते.

शनिवारी रात्री पाठीवर सॅक घेतलेली मुलंमुली अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या फलाटांवर दिसतात. कर्जत, कसारा, मग पहाटे कुठल्यातरी गडाचा पायथा. ही परंपरा उपनगरांनी जोपासली. मुलुंडच्या चक्रम हायकर्ससारख्या संस्थांनी सह्याद्रीत पिढ्या घडवल्या, त्यांचं ऋण मोठं आहे. पण याच उपनगरांच्या पश्चिमेला एक सलग, खडकाळ किनारा आहे आणि त्याच्याकडे पायी चालण्याची जागा म्हणून आपण फारसं पाहिलेलंच नाही. मढ, एरंगळ, आक्सा, मार्वे. मग मनोरीची खाडी. पलीकडे मनोरी, गोराई आणि थेट वसईच्या खाडीच्या मुखाशी असलेलं उत्तन. या पट्ट्यात लोकलचं एकही स्टेशन नाही. वर्सोव्याहून मढला, मार्व्याहून मनोरीला, बोरिवलीहून गोराईला थेट जायचं तर अजून होडीच लागते. अलीकडे गाड्यांची गर्दी आणि पलीकडे बोंबील वाळत घातलेल्या वलांड्या, असा फरक काही मिनिटांच्या खाडीनं पडतो.

हा खडक एकसारखा नाही. मुंबईचा दगड म्हटला की काळा बेसाल्ट आठवतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे, सुमारे ६१ मीटर उंचीचे, उभे खांब त्याच बेसाल्टचे आहेत. मनोरी-गोराई-उत्तनकडे मात्र ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट हे फिकट रंगाचे, सिलिका जास्त असलेले खडक उघडे पडलेले दिसतात. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य भर ओसरल्यानंतरच्या हालचालींत ते तयार झाले. व्हिक्टोरियन काळात मुंबईच्या भव्य इमारतींना लागलेला पिवळसर मालाड दगडही ट्रॅकाइटच. फोर्टातल्या भिंती माना वर करून पाहणाऱ्यांनी त्या दगडाच्या भाऊबंदांवर लाटा आपटताना एकदा तरी पाहायला हव्यात.

ओहोटीत हे खडप उघडं पडलं की त्यावरची वस्ती दिसते. डबक्यांत शंखात शिरलेले खेकडे, समुद्रफुलं, स्पंज, गोगलगायी. कडेच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या. खडकांना चिकटलेली कालवं कोळणी पिढ्यान्‌पिढ्या काढत आल्या आहेत. शहरी माणसाला या जगाचा पत्ता बराच उशिरा लागला. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला आणि जुहू, हाजीअलीसारख्या ठिकाणी ओहोटीच्या वेळी लोकांना घेऊन जाऊ लागला. मुंबईचा समुद्र मेलेला आहे, हा समज त्या फेऱ्यांनी जितका खोडला तितका कुठल्या भाषणानं खोडला नसता. या खडपावर पाय मात्र जपून टाकायचा. हिरवं शेवाळ निसरडं असतं, कालवांच्या कडा तळवा कापतात. सुंदर दिसला म्हणून शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलू नये; काही जातींचा दंश जीवघेणा ठरू शकतो.

चालायला कोणती तिथी? पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप आत जातं, पण ओहोटी पहाटे पाच-सहाला आणि संध्याकाळी त्याच सुमारास येते, म्हणजे दोन्ही वेळा उजेड अपुरा. माझं मत द्वितीया ते चतुर्थीच्या बाजूनं आहे. उधाणाचा जोर तेव्हा टिकून असतो आणि सकाळची ओहोटी साडेसात ते नऊच्या दरम्यान पडते. ओहोटीच्या दोन तास आधी निघावं आणि पाणी सर्वांत खाली असताना आपण सर्वांत अवघड टोकापाशी असावं. पाणी चढू लागलं की पुळणीवर परतावं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी फार ओसरत नाही, म्हणून टोकांना वळसा घालण्याचा हट्ट नको. जून ते सप्टेंबर तर नकोच.

आक्साबद्दल वेगळं सांगायला हवं. इथे वाळू सरकते, तळ बदलतो, ओढ जबरदस्त असते. दरवर्षीच्या बुडण्याच्या बातम्या आपण वाचतोच. जीवरक्षक सांगतील ती रेघ शेवटची मानावी. याच किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळानं भिंत बांधली आणि तो वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. हलत्या पुळणीला सिमेंटनं बांधून घालणं मला चूक वाटतं.

इतिहासाचा शोध घेणाऱ्यांसाठी दोन्ही टोकांना किल्ले आहेत. मढचा पोर्तुगीज किल्ला संरक्षण दलाच्या हद्दीत असल्यानं आत सहज जाता येत नाही. उत्तनच्या चौक गावाजवळच्या धारावी किल्ल्यावर मात्र जावं. वसईच्या खाडीचं मुख इथून दिसतं आणि १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजा या टेकडीसाठी का झगडल्या, ते नकाशाशिवाय कळतं.

तंबूची हौस असेल तर हिशोब आणखी नीट करावा. द्वितीयेची भरती रात्री दीडला पूर्ण होते. संध्याकाळी कोरडी दिसलेली वाळू तेव्हा पाण्याखाली असते. आदल्या भरतीनं टाकलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेच्या बऱ्याच वर तंबू लावावा. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले होते, तेव्हा रात्री मुक्काम करताना गावाला आणि पोलिसांना कळवणं हे कर्तव्यच आहे. त्यापेक्षा मनोरी-गोराईत एखाद्या ईस्ट इंडियन समाजाच्या घरी पैसे देऊन राहावं, हे मला अधिक बरं वाटतं.

किनाऱ्यावरच्या अशा वाटा इतरत्र कशा जपतात ते पाहा. वेल्सनं २०१२ मध्ये आपला संपूर्ण किनारा, सुमारे १,४०० किलोमीटर, एका सलग पायवाटेनं जोडला. कॅलिफोर्नियाच्या लॉस्ट कोस्टवर काही टप्पे भरतीत बंद होतात आणि चालणारे वेळापत्रक खिशात ठेवूनच निघतात. आपल्याकडे भरतीचे आकडे पावसाळ्याआधी प्रसिद्ध होतात, ते शहर तुंबण्याच्या धास्तीपोटी. उत्तर मुंबईच्या किनाऱ्यासाठी वर्सोव्यापासून भाईंदरकडे जाणारा किनारी रस्ता आणि मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखला गेला आहे. पायी चालणाऱ्यासाठी काय आखलं आहे? माझी मागणी छोटी आहे. मार्वे, मनोरी, गोराई आणि मढच्या जेट्ट्यांवर रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत लिहिलेला फलक लावा. धोक्याच्या टोकांवर खुणा करा. कोळीवाड्यांतल्या तरुणांना वाटाडे म्हणून मानधन द्या. मुंबई महापालिकेच्या एका वॉर्डाच्या खर्चात बसेल एवढंच हे काम आहे.

आणि वाचकहो, येत्या कार्तिक-मार्गशीर्षात एक तृतीया निवडा. सकाळी सव्वाआठला ओहोटी असेल. पहिल्या होडीनं मनोरीला उतरा, सोबत कचऱ्याची पिशवी आणि पाणी ठेवा, आणि गोराईच्या दिशेनं चालू लागा.