शालेय विद्यार्थी व साधनपरीक्षा : तारापूर प्रांतांतील कांहीं उदाहरणें

हातीं आलेला कागद कोणाचा, कधींचा, कोठला व कशासाठीं लिहिलेला, हें ठरविण्याच्या रीतीस साधनपरीक्षा म्हणतात. ही रीत म्हणजे संशोधकांचा खासगी प्रांत, शाळेंत केवळ निर्णय शिकवावयाचे, ते कसे निघाले हें सांगावयाचें नाहीं, असा प्रघात पडून गेला आहे. तो आतां मोडला पाहिजे असें आम्हांस वाटतें. पूर्वीं विद्यार्थ्यापुढें एकच क्रमिक पुस्तक असे. आज पालघर किंवा बोईसर येथील मुलास मोबाइलवर एका प्रश्नाचीं दहा उत्तरें मिळतात, आणि त्यांतील ग्राह्य कोणतें हें ठरविण्याचें साधन मात्र त्यास कोणी दिलेलें नसतें. हें साधन देण्यास फार दूर जावें लागत नाहीं. चिमाजी आप्पांच्या उत्तर कोंकणांतील मोहिमेचे कागद त्यास पुरेसे आहेत. तीन उदाहरणें देतों.

(१) स्थळनिर्णय. तारापूर हें नांव शोधणारापुढें बहुधा १९६९ सालीं सुरू झालेलें अणुविद्युत् केंद्र किंवा औद्योगिक वसाहत येते. किल्ला मागाहून येतो. गुजराथेंत खंबायतेच्या बाजूसहि एक तारापूर आहे. जुन्या ग्रंथांत ‘पालघर जिल्हा’ धुंडाळणाराची तर निराशाच व्हावयाची. कारण हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून निराळा झाला. १८८२ सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत ठाणें जिल्ह्याचे खंड उघडावे लागतात, आणि तेथें तालुक्याचें नांव माहीम असें मिळतें. आतां माहीमें दोन : एक मुंबईचें, दुसरें केळव्याजवळचें. मोहिमेच्या पत्रांत ‘माहीम’ दिसतांच मुंबईचें माहीम मनांत येतें. परंतु लगतच्या ओळींत केळवें, शिरगांव, तारापूर, असेरी हीं नांवें असतील तर तें केळवें-माहीम होय. एकट्या नांवावरून स्थळ ठरवूं नये, भोंवतालच्या नांवांवरून ठरवावें, हा नियम मुलास नकाशा पुढें ठेवून एका तासांत शिकवितां येतो.

(२) कालनिर्णय. समजा, पत्रावर ‘तिसा सलासीन मया व अलफ’ असा सन आहे. हे अरबी संख्यावाचक शब्द होत : तिसा म्हणजे ९, सलासीन ३०, मया १००, अलफ १०००, बेरीज ११३९. हा सुहूर सन मृगाच्या सुमारास, म्हणजे ज्येष्ठांत पालटतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले असतां इसवी सन येतो. तारापूर मराठ्यांनीं घेतलें तें जानेवारी १७३९ मध्यें. तेव्हां शके १६६०, कालयुक्त संवत्सर चालू होतें. वसई शरण आली ती त्याच वर्षीं मे महिन्यांत. त्या वेळीं सुहूर सन ११३९ हाच होता, शक मात्र चैत्रांत पालटून १६६१ झाला होता. ही गोष्ट ठाऊक नसल्यास दोन अस्सल पत्रांपैकीं एक खोटें ठरविण्याचा प्रसंग येतो.

वसईच्या शरणागतीचा तह कोठें ५ मे, तर कोठें १६ मे असा सांपडतो. पोर्तुगीज बाहेर पडल्याचा दिवस कोठें १२ मे, तर कोठें २३ मे. विद्यार्थ्यानें दोन्हीं जोड्यांची वजाबाकी करावी. दोहोंकडे नेमके ११ दिवस निघतात. पोर्तुगीजांनीं सुधारलेली कालगणना १५८२ सालींच स्वीकारली होती. इंग्रज १७५२ च्या सप्टेंबरपर्यंत जुन्या गणनेनें चालत, व आपल्याकडील अनेक ग्रंथांत त्यापूर्वींच्या तारखा त्याच जुन्या पद्धतीनें दिलेल्या असतात. सारांश, दोन्ही पुस्तकें बरोबर आहेत. ‘क्रमिक पुस्तकांत असेल ती तारीख लिही’ असें सांगून शिक्षकानें वेळ मारून नेली, तर मुलगा सर्वच छापील मजकुरावर विश्वास ठेवूं लागतो किंवा कशावरच ठेवीनासा होतो. दोन्हीं परिणाम सारखेच घातक.

(३) साक्षीचें मूल्य. तारापूरच्या वेढ्यांत बाजी भिवराव रेटरेकर पडले. असा प्रसंग छावणींतून त्याच दिवसांत लिहिलेल्या पत्रांत एक रूप घेतो, पुढें पुष्कळ काळानें रचलेल्या बखरींत दुसरें. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढला, तेव्हां अस्सल पत्रांच्या कसावर बखरींस घासून पाहण्याचा पाठ घालून दिला. मात्र पत्र म्हणजे वेदवाक्य, असेंहि मुलांस शिकवूं नये. धन्यास कळविणारा सरदार यश वाढवून व हानि कमी करून लिहूं शकतो. म्हणून प्रतिपक्षाचा, म्हणजे येथें पोर्तुगीजांचा, कागद शेजारीं ठेवावा लागतो.

हें शिक्षण देण्यास मोठी सामग्री नको. मोडी लिपि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवीत. आजच्या मुलास ती अपरिचित आहे. म्हणून एका मोडी पत्राचें छायाचित्र, खालीं बाळबोध अक्षरांतर, प्रांताचा नकाशा व एक जंत्री एवढें ग्रंथालयाच्या एका मेजावर मांडावें. ग. ह. खरे यांचा ‘संशोधकाचा मित्र’ शिक्षकानें जवळ बाळगावा. विद्यार्थ्यानें वहींत चार रकाने आंखावे : कोणीं, केव्हां, कोठून, कशावरून. चौथा रकाना कोरा राहिल्यास पहिल्या तिहींस गुण देऊं नयेत; उलट, ‘निर्णय होत नाहीं, कारण अमुक’ असें सकारण उत्तर आल्यास पूर्ण गुण द्यावे.

आतां संग्राहकांस दोन शब्द. जुन्या कागदांचीं छायाचित्रें आज हातोहात फिरतात, परंतु त्यांसोबत ठावठिकाणा जात नाहीं. पुष्कळ पत्रांवर केवळ चंद्र व महिना असतो, सन नसतो. तो सन त्याच रुमालांतील शेजारच्या कागदांवरून बसवावा लागतो. सुबक अक्षराचें एखादें पत्र रुमालांतून वेगळें काढलें कीं त्याचा काळ बहुधा कायमचा गेला. यास्तव शाळेस वा ग्रंथालयास प्रत देतांना तीसोबत एक चिठी द्यावी : रुमाल कोणत्या गांवचा, पत्र कितवें, पाठीवर काय लिहिलें आहे, कोणता भाग फाटला आहे. पाठीवरील शेराहि छायाचित्रांत यावा.

आपलीं बहुतेक दप्तरें परकी शत्रूनें नव्हे, घरच्या माणसांनीं निरुपयोगी समजून नाहींशीं केलीं. माहीम-तारापूरकडील एखाद्या माळ्यावर अजून रुमाल असेल, तर तो पुढें आमच्या हातीं लागेल कीं रद्दींत जाईल, हें त्या घरांतील शाळकरी मुलावर अवलंबून राहणार आहे. ‘तिसा सलासीन’ ज्यानें एकदां स्वतः उलगडलें, तो तें दप्तर रद्दीवाल्याच्या तराजूंत पडूं देणार नाहीं, असा आम्हांस भरंवसा आहे.