सासरचा ‘व’

घाटावरून किंवा मुंबईहून मालवण-वेंगुर्ल्याकडे सून म्हणून आलात की पहिली परीक्षा स्वयंपाकाची नसते, शब्दांची असते! सासूबाई म्हणतात, “गो, वाढवण हाड.” तुम्ही लगबगीने पळी घेऊन जाता आणि माजघरात हशा पिकतो. कारण वाढवण म्हणजे केरसुणी, आणि हाड म्हणजे आण. (कुत्र्याला हाकलायचे ‘हाड’ वेगळे, हेही ध्यानात असू द्या.)

एकट्या ‘व’ या अक्षरातच असे कितीतरी शब्द दडले आहेत. जुन्या घरात जमिनीत बसवलेले, मध्ये खळगा असलेले दगडी उखळ म्हणजे वायन. पूर्वी त्यात मुसळाने भात कांडत. गिरणी आली, मग मिक्सर आला, आणि वायन नुसते जमिनीत राहिले. घर पाडून नवे बांधताना तो दगड अंगणाच्या कोपऱ्यात लोटला जातो आणि शब्दही तिथेच पडून राहतो. वायंगण म्हणजे पावसाळी भातानंतर ओलिताच्या जमिनीत घेतलेले उन्हाळी भात. मालवण आणि वेंगुर्ले या दोन्ही तालुक्यांत वायंगणी नावाची गावे आहेत. वळेसर मात्र कुणी समजावून द्यावा लागत नाही. सुरंगीचा वळेसर केसांत माळला की वास दारापर्यंत आधी पोचतो!

आता दोन शब्द जपून वापरायचे. वशाट म्हणजे मासे-मटण. पुष्कळ घरांत सोमवारी वशाट शिजत नाही, तेव्हा बाजाराला निघण्यापूर्वी वार बघा. आणि वशाड म्हणजे ओसाड, उजाड. ‘वशाड पडो’ ही शिवी मच्छिंद्र कांबळींच्या नाटकांमुळे सगळ्या महाराष्ट्राला मालवणी बोलीची गोडी लागल्यापासून हसत हसत ऐकली जाते. पण अर्थ बघा: घरात माणूस न उरो! ज्या गावांतली निम्मी माणसे पोटासाठी मुंबईला आणि घरांना कुलपे, तिथे म्हाताऱ्या बायांना या शब्दाचे हसू येत नाही, यात नवल ते काय?

मोल्सवर्थसाहेबांच्या १८५७च्या कोशात कोकणातल्या शब्दांपुढे वेगळी खूण आहे. ती खूण पाहून बरे वाटते, पण कोशात सासूबाईंचा सूर कुठला सापडायला? ‘वायच’ म्हणजे थोडेसे, हे कोणीही सांगेल. पण आमटीत मीठ ‘वायच’ घालायचे म्हणजे किती, ते त्यांच्या चिमटीकडे बघूनच कळते. तेव्हा डाळ-तांदळाच्या हिशेबाच्या वहीतच मागचे एक पान राखून ठेवा आणि शब्द कानावर पडला की टिपून घ्या. मुले इंग्रजी शाळेत जात असली तर त्यांनाही विचारू द्या. आजीला तेवढाच विरंगुळा.

आणि एक दिवस सासूबाई दारात चपला घालून विचारतील, “येतंस माझ्या वांगडा?” वांगडा म्हणजे सोबत. हातातले काम तसेच टाका, पिशवी घ्या आणि निघा.