माणूस उभा राहताना

१९७२ साली इटलीत कॅथलिक पंथ हा कायद्यानं राज्याचा धर्म होता. मुसोलिनीनं १९२९ साली व्हॅटिकनशी केलेला करार तेव्हाही लागू होता. तो बदलायला १९८४ साल उजाडलं. १९७२ मध्ये घटस्फोटाचा कायदा होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि तो रद्द व्हावा म्हणून सार्वमताची तयारी चालली होती. त्याच साली रोमच्या परिसरातल्या एका बँडनं एक रेकॉर्ड काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘डार्विन!’. पहिल्याच गाण्यात गायक सांगून मोकळा होतो, की एखाद्या आदिम कवटीच्या जीवाश्मात आपल्यासारखाच चेहरा सापडत असेल, तर आदमला जागा उरत नाही. आणि एवढी सृष्टी घडवायला सात दिवस फारच थोडे. नावातलं उद्गारचिन्ह मूळचंच आहे.

बँडचं नाव बांको देल मुतुओ सोकोर्सो, म्हणजे परस्पर साहाय्याची पेढी. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या कामगारांनी अडीअडचणीला उभ्या केलेल्या मंडळांची त्यात आठवण आहे. चाहते नुसतं ‘बांको’ म्हणतात. त्यांची पहिली रेकॉर्डही १९७२ चीच. तिचं वेष्टन चक्क पैसे साठवायच्या मातीच्या गल्ल्याच्या आकारात कापलेलं होतं. काही महिन्यांत दुसरी रेकॉर्ड आली, ती ही ‘डार्विन!’. दोन्ही मिलानच्या रिकोर्दी कंपनीनं काढल्या. व्हेर्दी आणि पुच्चिनी यांच्या ऑपेरांची स्वरलिपी छापणारं घराणं ते हेच. या योगायोगात थोडा अर्थही आहे, तो पुढे येईल.

प्रोग्रेसिव्ह रॉक हा प्रकार मूळ ब्रिटिश. १९६९ साली किंग क्रिम्झनची पहिली रेकॉर्ड आली आणि येस, जेनेसिस, एमर्सन लेक अँड पामर अशा बँडनी रॉकला तीन मिनिटांच्या गाण्यातून बाहेर काढलं. लांबलचक रचना, मध्येच बदलणारे ठेके, हॅमंड ऑर्गन आणि नवे मूग सिंथेसायझर, आणि सगळ्याला बांधणारी एखादी कल्पना, असा त्याचा थाट. गंमत म्हणजे या प्रकारातल्या काही बँडना इटलीनं ब्रिटनच्याही आधी डोक्यावर घेतलं. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडची ‘पॉन हार्ट्‌स’ ही रेकॉर्ड इटलीत पहिल्या क्रमांकावर गेली. मायदेशात तिला कुणी फारसं विचारलं नव्हतं. मग इटालियन पोरांनीही वाद्यं उचलली. मिलानमध्ये पीएफएम, व्हेनिसकडे ले ओर्मे, रोमकडे बांको. या तिघांतही ‘डार्विन!’ वेगळी पडते, कारण तिच्यात कल्पना नुसती शब्दांत नाही, रचनेतच आहे.

याचा सर्वांत चांगला पुरावा दुसऱ्या गाण्यात मिळतो. विषय आहे माणसाच्या पूर्वजानं दोन पायांवर उभं राहणं. गाणं जवळपास नऊ मिनिटांचं, आणि त्याचा मोठा भाग सरेपर्यंत कुणी एक शब्द गात नाही. ऑर्गन, गिटार आणि ड्रम एकमेकांवर रेटून पुढे येतात, चाल सापडतेय असं वाटतं तोच ती मोडते, दम खाऊन पुन्हा उसळी. शब्द येतात ते शेवटाकडे. भाषा सुचण्याआधी शरीराला किती धडपड करावी लागली असेल, हे इथे कुणी समजावून सांगत नाही. ऐकणाऱ्याला ते तेवढा वेळ सोसावं लागतं. इटालियनचं अक्षरही न कळणाऱ्याला हे गाणं कळतं.

त्याआधीचं, रेकॉर्ड उघडणारं गाणं मात्र चौदा मिनिटांचं आहे आणि तिथे शब्दांचा भार जरा जास्तच आहे. काही वेळा गाणं व्याख्यान देऊ लागतं. पण ते तारून नेतात दोन भाऊ. वित्तोरिओ नोचेंझी ऑर्गन आणि सिंथेसायझरवर, धाकटा ज्यान्नी पियानोवर. बहुतेक बँडमध्ये एकच कीबोर्डवाला असतो आणि त्याची जुगलबंदी गिटारशी चालते. इथे ती घरातच आहे. ऑर्गन लाट अंगावर आणतो, पियानो तिच्यातून स्वच्छ, टोकदार सुरांनी वाट काढतो. एकदा कान फक्त पियानोवर ठेवून ऐकावं आणि एकदा फक्त ऑर्गनवर. दोन वेगळ्या रेकॉर्डी ऐकल्यासारखं होतं. बड्या ख्यालाची सवय असलेल्या कानाला चौदा मिनिटांचं भय वाटायचं कारण नाही, फक्त इथली बढत पायरीपायरीनं होत नाही, ती खिंडारं पाडत जाते.

तिसरी रचना शब्दांविना आहे: महाकाय सरीसृपांचा नाच. जॅझच्या अंगानं डुलत चालणारी, सहा मिनिटांची वाटावी पण चारही न भरणारी. आता, डायनासोर तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपले. माणूस दोन पायांवर उभा राहिल्यानंतर ते नाचायला कुठून आले? जीवशास्त्राच्या परीक्षेत बांको इथे नापास. रेकॉर्डची रचना म्हणून मात्र जागा अचूक आहे, कारण आधीच्या धडपडीनंतर कानाला विसावा हवाच असतो.

आता गायक. फ्रान्चेस्को दि जाकोमो, जन्म १९४७, सार्डिनियातल्या सिनिस्कोला गावचा. अगडबंब देह, छातीवर रुळणारी दाढी. या देहाची भुरळ फेदेरिको फेलिनीलाही पडली होती. त्याच्या ‘रोमा’ आणि ‘अमारकोर्द’ या चित्रपटांत दि जाकोमो छोट्या भूमिकांत दिसतो. आवाज मात्र देहाच्या अगदी उलट, उंच, कोवळा, काठावर थरथरणारा. ब्रिटिश रॉक गायक आवाज ताणतो तेव्हा तो ओरडतो. दि जाकोमो ताणतो तेव्हा ऑपेराचा रंगमंच उभा राहतो. रिकोर्दीचा उल्लेख आला तो यासाठीच. व्हेर्दीच्या देशात वाढलेल्या कानांना भावना मोठ्यानं मांडायची लाज वाटत नाही, आणि लंडनच्या रेकॉर्डींमध्ये जे जपून, थोडं थंडपणे येतं, ते इथे सरळ गळ्यातून येतं.

हे सगळं एकवटतं पाचव्या गाण्यात. काळ साडेसात लाख वर्षांपूर्वीचा. टोळी नदीवर पाणी प्यायला येते आणि एक नर-वानर त्यातल्या एका मादीकडे पाहत राहतो. ती त्याला हवी आहे, आणि ती आपली कधीच होणार नाही हेही त्याला उमगतं. सांगायला भाषा नाही. गाण्याच्या नावात ‘प्रेम’ या शब्दापुढे प्रश्नचिन्ह आहे, इतका संशय कवीलाही आहे. पियानो आणि तो आवाज, बाकी वाद्यं जवळजवळ बाजूला. ज्याला अजून बोलता येत नाही त्याच्या तोंडी एवढं सुरेल गाणं घालणं, हा विरोधाभास बांकोनं जाणूनबुजून पत्करला आहे आणि त्यातूनच गाण्याला धार आली आहे. इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉकमधलं हे सर्वांत उत्तम प्रेमगीत म्हणायला हरकत नसावी.

पुढची दोन गाणी रेकॉर्डला अंधाराकडे नेतात. प्रगतीचा जल्लोष करायला निघालेला हा प्रवास शेवटी माणसाच्या बढाईवरच उलटतो. अखेरच्या गाण्याच्या लांबलचक नावात कुणी काळाकडे वेळ मागतो आणि काळ म्हणतो, माझ्याकडे नाही. जड चाकाची करकर गाण्याच्या तालात मिसळली आहे, आणि तिच्यावर जत्रेतल्यासारखी गिरकी घेणारी चाल. उत्क्रांती वर जाणारी शिडी असते, हा समज इथे निकालात निघतो. डार्विनच्या सिद्धान्तातही त्याला आधार नाही.

१९७३ च्या ‘इओ सोनो नातो लिबेरो’ या रेकॉर्डनंतर एमर्सन लेक अँड पामरच्या मँटिकोर कंपनीनं बांकोला करारबद्ध केलं आणि १९७५ साली त्यांची रेकॉर्ड बाहेरच्या बाजारात आणली. पीएफएमला तोवर तिथे थोडं नाव मिळालं होतं. बांकोला तेवढंही लाभलं नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत दि जाकोमो रोमजवळ मोटार अपघातात गेला. वित्तोरिओनं बँड नव्या साथीदारांसह चालू ठेवला आहे. २०१९ साली ‘ट्रान्सिबेरियाना’ ही नवी रेकॉर्डही आली.

‘डार्विन!’ घ्यायला गेल्यास एक घोटाळा होऊ शकतो. बँडनं १९९१ साली ती संपूर्ण पुन्हा ध्वनिमुद्रित केली. नवी आवृत्ती नीटनेटकी, प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येणारं. १९७२ च्या मुद्रणात ड्रम जरा कोंदट आहेत आणि गिटार मागे दबलेली. तरी घ्यावी ती जुनीच. आदिमानवाची धडपड इतक्या स्वच्छ खोलीत पटत नाही. आणि पहिल्यांदाच ऐकणाऱ्यानं चौदा मिनिटांच्या गाण्यापासून सुरुवात न करता सरळ पाचवं लावावं, मग दुसरं, आणि त्यानंतर एखाद्या मोकळ्या संध्याकाळी सगळी रेकॉर्ड क्रमानं.