की-बोर्डची स्मरणशक्ती

गणेशोत्सवातला वाद्यवृंदाचा कार्यक्रम तुम्ही पाहिला असेल. एक गाणे संपते, निवेदक दोन वाक्ये बोलतो आणि लगेच दुसरे सुरू होते. पहिल्या गाण्यात बासरी आणि संथ ठेका होता. दुसऱ्यात व्हायोलिन आणि जलद ठेका. गायक बदलला म्हणजे पट्टीही बदलली. एवढे बदल की-बोर्डवादक क्षणात कसे करतो? नीट पाहा, तो फक्त एक बटण दाबतो!

असा वादक बहुधा ‘अरेंजर की-बोर्ड’ वापरतो. डाव्या हाताने कॉर्ड धरली की ठेका, बास, गिटार यांची साथ हे वाद्य आपणहून देते. साथीच्या या नमुन्याला ‘स्टाइल’ म्हणतात. प्रत्येक गाण्यासाठी स्टाइल, लय, दोन्ही हातांचे आवाज, त्यांची पातळी, पट्टी अशा कितीतरी गोष्टी ठरवाव्या लागतात. ही मांडणी सरावाच्या वेळी साठवून ठेवायची आणि हवी तेव्हा परत बोलवायची, या सोयीला यामाहाच्या वाद्यांत ‘रजिस्ट्रेशन मेमरी’ असे नाव आहे. हा शब्द पाइप ऑर्गनकडून आला. ऑर्गनचे कोणते स्टॉप ओढायचे, या निवडीला रजिस्ट्रेशन म्हणतात.

आता खरा प्रश्न. बटणामागे नेमके काय साठवलेले असते? गाण्याचा आवाज? हिशेब करून पाहू. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवताना दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतात. प्रत्येक मोजमापाला २ बाइट आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. चार मिनिटांच्या गाण्याला ४४,१०० × २ × २ × २४०, म्हणजे सुमारे ४ कोटी २३ लाख बाइट लागतील. मांडणीत मात्र असतात केवळ आकडे : स्टाइलचा क्रमांक, मिनिटाला ९६ मात्रा, आवाजाचा क्रमांक, पातळी १००, पट्टी +३. अशा २०० गोष्टी धरल्या आणि प्रत्येकीला एक-दोन बाइट दिले, तरी चारशे बाइट पुरतात. म्हणूनच त्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हजर होतात.

त्यातला +३ हा आकडा पाहा. वादकाची बोटे पांढरी एकमध्येच वाजवतात. वाद्य प्रत्येक स्वर तीन अर्धस्वरांनी चढवते आणि गाणे काळी दोनमध्ये ऐकू येते. एका अर्धस्वरासाठी कंप्रता सुमारे १.०५९५ पट होते. तीन वेळा गुणा : २६१.६ हर्ट्झचा स्वर ३११.१ हर्ट्झ होतो. साठवला फक्त ‘३’. गुणाकार वाद्याने केला.

यातूनच एक धोका निर्माण होतो. मांडणी म्हणजे ग्रंथालयातल्या कार्डासारखी असते. कार्डावर पुस्तकाची जागा लिहिलेली असते, पुस्तक नसते. वादकाने बाहेरून आणलेली एखादी स्टाइल पुसली किंवा दुसरीकडे हलवली, तर मांडणी शाबूत असूनही साथ मिळणार नाही. म्हणून पेन ड्राइव्हवर प्रत घेताना मांडणीबरोबर अशा स्टाइलही घ्याव्यात.

दुसरी गोष्ट स्मृतीच्या प्रकाराची. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीने १९७८ साली प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर आणला. त्यात ४० आवाजांच्या मांडण्या साठवता येत. त्यापूर्वी बरेच वादक बटणांच्या जागा कागदावर टिपून ठेवत. प्रॉफेटची स्मृती वीज बंद झाल्यावर छोट्या बॅटरीवर टिकत असे. बॅटरी संपली की मांडण्या गेल्या! फ्लॅश स्मृतीत विद्युतभार निरोधक थरात अडकून राहतो, म्हणून तिला बॅटरी लागत नाही. तरीही अनेक वाद्यांत साठवण दोन पायऱ्यांची असते : आधी मांडणी बटणावर घ्यायची, मग बटणांचा संच फाइल म्हणून जपायचा. दुसरी पायरी राहिली आणि वादकाने दुसरा संच उघडला, तर नवे बदल पुसले जाऊ शकतात. रंगमंचावर हे कळले तर उपयोग काय?

शाळेत असा की-बोर्ड असेल, तर शिक्षकांच्या परवानगीने हा प्रयोग करा. लय आणि आवाज बदलून मांडणी एका बटणावर साठवा. वाद्य बंद करून पुन्हा सुरू करा आणि तेच बटण दाबा. काय टिकले, काय पुसले गेले, याचा तक्ता करा. तुमच्या वाद्यात कोणती गोष्ट कोठे साठवली जाते, हे तो तक्ताच सांगेल.