छायामुद्रांचे 'स्थिरीकरण' : एक संज्ञा, दोन क्रिया

प्रारंभीच्या छायाचित्रणाच्या इतिहासात 'स्थिरीकरण' ही संज्ञा दोन सर्वस्वी भिन्न रासायनिक क्रियांना लावलेली आढळते. एकीत प्रकाशसंवेदी द्रव्य कागदातच राहते, केवळ त्याची संवेदनशीलता मंदावते. दुसरीत ते द्रव्य विरघळवून कागदाबाहेर काढले जाते. शब्द एकच असल्यामुळे हा भेद झाकला जातो, आणि संग्रहालयातील नोंदी करणाऱ्याला तो झाकलेला परवडणारा नाही. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, रसायनशास्त्राचा नव्हे. परंतु येथे परिभाषेचा प्रश्न रसायनाकडे गेल्यावाचून सुटत नाही.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांची १८३० नंतरच्या दशकातील मूळ कृती अशी : कागद साध्या मिठाच्या सौम्य द्रावणात भिजवून वाळवावयाचा व त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण फिरवावयाचे. कागदाच्या तंतूंत सिल्व्हर क्लोराइड तयार होते. प्रकाश पडेल तेथे त्यातून चांदीचे सूक्ष्म कण सुटे होऊन कागद काळवंडतो. परंतु न काळवंडलेल्या भागातील क्लोराइड तसेच शिल्लक असते, आणि चित्र उजेडात नेले की तेही काळे पडू लागते. टॅल्बट यांच्या ध्यानी असे आले की, सिल्व्हर नायट्रेट अधिक व मीठ कमी असता कागद तीव्र संवेदनशील होतो, तर मीठ अधिक झाल्यास तो जवळजवळ निष्क्रिय होतो. सबब त्यांनी तयार चित्र मिठाच्या तीव्र द्रावणात बुडविले. ज्या मिठाने संवेदनशीलता निर्माण होते, त्याच्याच अतिरेकाने ती मावळते. मावळते, नष्ट होत नाही. म्हणूनच अशा प्रकारे राखलेली टॅल्बट यांची काही चित्रे आजही प्रदर्शनात मांडता येत नाहीत, अंधारातच ठेवावी लागतात.

दुसऱ्या क्रियेचे श्रेय सर जॉन हर्शल यांचे. ज्याला त्यांनी 'हायपोसल्फाइट ऑफ सोडा' म्हटले, त्या लवणात चांदीची अविद्राव्य लवणे विरघळतात, हे त्यांनी १८१९ मध्येच नोंदविले होते. जानेवारी १८३९ मध्ये छायाचित्रणाची वार्ता येताच त्यांनी या ज्ञानाचा उपयोग केला. नाव मात्र पुढे चुकीचे ठरले. ज्या सल्फेटातील एका ऑक्सिजनची जागा गंधकाने घेतली आहे असे हे लवण, म्हणून आज त्यास 'थायोसल्फेट' म्हणतात. तथापि छायाचित्रकारांच्या बोलीत 'हायपो' टिकला. शास्त्राने टाकलेले नाव व्यवसायाने जतन केल्याचे हे चांगले उदाहरण होय.

हायपोची क्रिया वाटते तितकी सरळ नाही. थायोसल्फेट विपुल असेल तर चांदीच्या एका आयनाभोवती त्याचे दोन वा अधिक मूलक जुळून विद्राव्य संकुल बनते व धुण्यात निघून जाते. द्रावण थकलेले असेल तर मात्र अपुऱ्या थायोसल्फेटाची, अत्यल्प विद्राव्य अशी संयुगे तंतूंत अडकतात. कितीही पाणी ओतले तरी ती हलत नाहीत आणि कालांतराने विघटन पावून पांढऱ्या भागात सिल्व्हर सल्फाइडचा पिवळट-तपकिरी डाग उमटवितात. याकरिताच एकामागून एक अशा दोन द्रावणांत मुद्रा बुडविण्याची पद्धत आहे. याउलट, द्रावण ताजे पण धुणे अपुरे असेल, तर कागदात राहिलेला हायपो चित्रातील चांदीवरच हल्ला करतो. केवळ प्रकाशाने उमटलेल्या चित्रातील चांदीचे कण अत्यंत बारीक असल्याने त्यांचे सल्फाइड लवकर होते व चित्र पिवळे पडून विरते.

हा प्रश्न इतका जाणवू लागला की, लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये मुद्रा फिक्या पडण्याची कारणे शोधण्यास समिती नेमली. अपुऱ्या धुण्यामुळे राहिलेला हायपो हे प्रमुख कारण तिने त्याच वर्षी सांगितले. दमट हवेत हा ऱ्हास वेगाने होतो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. तेव्हा त्या काळच्या आपल्याकडील मुद्रा तपासताना हे विसरून चालणार नाही.

मग परिभाषा कोणती योजावी? पहिल्या क्रियेस 'मंदीकरण' व दुसरीस 'निःसारण' म्हणावे, असे मला वाटते. 'स्थिरीकरण' हा शब्द फलाचे आश्वासन देतो, क्रियेचे वर्णन करीत नाही. आणि ते आश्वासन वरील दोहोंपैकी एकही क्रिया पूर्णपणे पाळीत नाही.

हर्शल यांच्याच १८४२ च्या सायनोटाइपला ही विभागणी कशी लागू पडते, हेही पाहण्यासारखे आहे. तेथे चांदी नाही. प्रकाशाने फेरिक लवणाचे फेरस होते व त्यापासून अविद्राव्य प्रशियन निळा बनतो. उरलेली लवणे विद्राव्य असल्याने साध्या पाण्याने निघून जातात. हे निःसारणच, फक्त हायपोविना. पण या निळ्या रंगाचे अल्काशी वैर आहे. आम्लापासून संरक्षण व्हावे म्हणून संग्रहालयांत वापरले जाणारे अल्कयुक्त कागद सायनोटाइपला अपायकारक ठरतात. त्यांच्या संपर्कात निळा रंग उडून लोहाची पिवळट-तपकिरी छटा उरते. तेव्हा नोंदपत्रात 'स्थिरीकृत' एवढेच न लिहिता, कोणत्या द्रव्याने व कोणत्या क्रियेने, हे लिहिले जावे.